वर्गणी, देणगी आणि यंत्राने लिहिलेली वेदना

चळवळीला पैसा लागतो, ही गोष्ट आपण उघड्यावर फारशी बोलत नाही. सभेत विचार मांडले जातात, ठराव होतात, टाळ्या पडतात. आणि सभा संपल्यावर मंडपवाल्याचे पैसे कुणी द्यायचे यावर चार माणसे कोपऱ्यात कुजबुजत उभी राहतात. आता त्या चौघांत एक पाचवा येऊन बसला आहे. तो एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये असतो, फर्डे इंग्रजी लिहितो, झोपत नाही आणि मानधनही मागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे नाव. निधीसाठीचे अर्ज, देणगीदारांना पत्रे, कामाचे अहवाल, आवाहने हे सारे तो दोन मिनिटांत लिहून देतो. अनेक लहान संस्थांनी त्याला कामाला जुंपलेही आहे. तो आपल्याला काय देतो आणि आपल्याकडून काय घेतो, हे तपासायला हवे. मी एका अभ्यासिकेचा खजिनदार आहे. माझ्याकडे पावतीपुस्तक असते. तेव्हा हा हिशोब मी पावतीपुस्तकाच्या बाजूनेच मांडणार, हे आधीच सांगून ठेवतो.

पैसा मागण्याचीही एक परंपरा असते. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ते साहाय्य मोलाचे होते, तरीही पत्र फार काळ चालू शकले नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. तेथेही पैशाची ओढाताण होतीच. स्तंभच्या स्तंभ बाबासाहेब स्वतः लिहून भरीत. १९२८ साली त्यांनी पैशाचा प्रश्न वाचकांपुढे मांडला. त्या लेखाचे शीर्षक होते 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकात दया नाही, मदत नाही, उपकार नाही. शब्द आहे ऋण. पत्र ज्यांच्यासाठी चालते, त्यांचेच ते देणे आहे, असा त्याचा रोख. मागणारा येथे हात पसरत नाही, तो खाते उघडून समोर ठेवतो.

आपली वर्गणी या रोखातून आलेली आहे. वर्गणी देणारा माणूस पुढच्या सभेत उठून हिशोब विचारतो, प्रसंगी खजिनदाराला चारचौघांत धारेवर धरतो. देणगी देणाऱ्याचे तसे नसते. त्याला फोटो हवा असतो, आभाराचे पत्र हवे असते, आणि ज्याला दिले तो किती गरीब होता हे वाचायला हवे असते. सगळेच देणगीदार असे असतात असे माझे म्हणणे नाही. पण आज ज्या वाटांनी मोठा पैसा येतो, त्या वाटाच या भाषेने फरसबंद केलेल्या आहेत.

त्या वाटा कोणत्या, हे थोडक्यात पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा सीएसआरचा पैसा. दुसरी वाट परदेशी देणगीची. तिथे २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. तालुक्याच्या गावातल्या ज्या लहान संस्था मोठ्या संस्थांच्या हातून असा पैसा मिळवीत, त्यांची वाट त्या दिवशी बुजली. साहजिकच सगळ्यांची गर्दी कंपन्यांच्या दाराशी झाली, आणि त्या दारावरची पाटी इंग्रजीत आहे.

येथेच यंत्राचा खरा उपयोग आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. प्रस्ताव लिहिणे ही आजवर एका वर्गाची मक्तेदारी होती. विशिष्ट शाळेत शिकलेला, विशिष्ट इंग्रजी लिहिणारा माणूस संस्थेत असेल तर पैसा येई. नसेल तर काम कितीही चांगले असो, अर्ज पहिल्या चाळणीत गळे. शहरातले सल्लागार एका प्रस्तावाची जी रक्कम सांगत, ती आमच्या वर्षाच्या वीजबिलाहून जास्त असे. आज आमच्यातली, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारी मुलगी चाळीस पानांची नियमावली यंत्रापुढे ठेवते आणि विचारते, आमची संस्था यात बसते का, कोणते कागद लागतील, शेवटची तारीख कोणती. उत्तर मराठीत येते. ते तिला मूळ कागदाशी ताडून पाहावे लागते, तरीही दोन दिवसांचे काम तासाभरात होते. हे लहान नाही. इंग्रजीच्या भिंतीला पडलेले हे भगदाड आहे.

पण भगदाडातून आत काय येते, हे गेल्या पावसाळ्यात आम्ही पाहिले.

अभ्यासिकेचे पत्रे गळत होते. चाळीस खुर्च्यांपैकी अकरा खुर्च्या भिंतीकडे सरकवून ठेवल्या होत्या, आणि पुस्तकांच्या कपाटावर मेणकापड टाकले होते. एका कंपनीच्या निधीसाठी अर्ज करायचे ठरले. त्या मुलीने यंत्राला संस्थेविषयी चार ओळी सांगितल्या आणि अर्ज लिहायला लावला. संध्याकाळी तिने तो आम्हाला मराठी करून वाचून दाखवला. भाषा अशी की ऐकतच राहावे. अंधारात चाचपडणारी लेकरे, आवाज हरवलेला समाज, आशेचा एक किरण. मग एक मुलगी आली. नाव कविता, वय चौदा, आई कचरा वेचते, बाप दारूने मेला, कविता रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करते. शेवटी एक आकडा: अभ्यासिकेमुळे वस्तीतली शाळागळती ८७ टक्क्यांनी कमी झाली.

आमचे सचिव जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत. ते म्हणाले, "ही कविता कुणाची गं?"

"मास्तर, ती खरी नाही. त्यानं उदाहरण म्हणून घातलीय."

"म्हणजे अशी पोरगीच नाही?"

"नाही."

"मग तिचा बाप दारुडा कशाला केला?"

यावर कुणाला काही बोलता आले नाही. ८७ टक्क्यांचा आकडाही आमच्यापैकी कुणी दिलेला नव्हता. मुलगी ओशाळली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, चूक माझीच, मी नीट सांगितलं नाही." चूक तिची नव्हती. ती यंत्राच्या घडणीतच आहे, म्हणून ती घडण समजून घेतली पाहिजे.

हे यंत्र विचार करून लिहीत नाही. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याची गणिते त्याने साठवलेली असतात. त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड, मराठीचा अगदी थोडा. निधीच्या हजारो अर्जांत 'गळती कमी झाली' या शब्दांच्या आसपास टक्केवारी असते, म्हणून येथेही टक्केवारी आली. ती खरी की खोटी हा प्रश्न त्या गणितात नाही. तसेच हजारो आवाहनांत एक गरीब मुलगी असते, म्हणून येथेही मुलगी आली. यंत्राने कविताला जन्म दिला असे वाटते खरे, पण ती धर्मादायाच्या भाषेची जुनीच लेक आहे. यंत्राने फक्त तिचे बारसे केले.

त्या भाषेत एकटी मुलगीच का असते, यालाही कारण आहे. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अभ्यासकांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाग घेणाऱ्यांना पाच डॉलर दिले आणि त्यांतले हवे तेवढे दान करा असे सांगितले. काहींना आफ्रिकेतल्या अन्नटंचाईचे आकडे वाचायला दिले, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती व छायाचित्र. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाविषयी वाचणाऱ्यांनी २.३८. रोकियाही आणि आकडेही ज्यांच्यापुढे ठेवले, त्यांनी १.४३ दिले. म्हणजे मुलीच्या शेजारी तिच्या परिस्थितीची व्याप्ती मांडली की हात आखडतो. निधी गोळा करणाऱ्यांनी यातून धडा घेतला: मुलगी दाखवा, व्यवस्था लपवा. पैसा येतो हे खरे आहे. पण ज्या समाजाचे दुःख व्यवस्थेतून आलेले आहे, त्याने व्यवस्थाच वगळून स्वतःची ओळख करून द्यायची, हा सौदा काय किमतीचा आहे?

या पानांच्या वाचकांना वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रयी नव्याने सांगायला नको. दलित साहित्याची चर्चा झाली ती याच शब्दांभोवती. यंत्राचा अर्ज मी या तीन शब्दांवर घासून पाहिला. वेदना भरपूर होती, खरे तर उसनी आणलेली होती. नकार कुठेच नव्हता. विद्रोह तर दुर्बिणीने शोधूनही सापडला नसता. दुःख आहे पण ते कुणी दिले हे नाही. मुलगी आहे पण ती काही मागत नाही, वाट पाहते. आपल्या आत्मकथनांतली बाई रडते तशी भांडतेही, शिव्याही देते, मुलाला शाळेत घालण्यासाठी मास्तराच्या दाराशी जाऊन बसते. अर्जातली कविता दिव्याखाली बसून देणगीदाराची वाट पाहते. अनुभवाच्या खरेपणासाठी आपल्या लेखकांनी एवढे वाद घातले. आणि आता निधीच्या निमित्ताने, संस्थेच्या शिक्क्याखाली, आपणच बनावट आत्मकथने छापू लागलो तर?

यंत्राच्या पोटात जात आहे की नाही, यावरही कुणी संशय ठेवू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने ओपनएआय कंपनीच्या यंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. १०५ वाक्यांतली रिकामी जागा 'दलित' किंवा 'ब्राह्मण' या शब्दाने भरायला सांगितली असता जीपीटी-५ ने ८० वेळा जातीचा रूढ साचा निवडला. हुशार माणूस म्हटला की ब्राह्मण, मैला साफ करणारा म्हटला की दलित. त्याच वृत्तांतात एका दलित अभ्यासकाची हकिगत आहे. त्याने शिष्यवृत्तीच्या अर्जाचे इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटीला दिले. इंग्रजी सुधारले, आणि त्याबरोबर त्याचे आडनावही बदलून 'शर्मा' झाले. ज्याने ही हकिगत वाचून नुसते हसून सोडून दिले, त्याने अर्जाच्या रांगेत उभे राहून आडनाव सांगण्याचा प्रसंग कधी अनुभवला नसावा.

चित्रांचेही तेच. २०२३ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये काही संशोधकांनी लिहिले की, काळे आफ्रिकी डॉक्टर गोऱ्या आजारी मुलांवर उपचार करीत आहेत असे चित्र मिडजर्नी या यंत्राकडे त्यांनी मागितले. तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली, पण मुले जवळजवळ नेहमी काळीच येत राहिली. दाता गोरा आणि घेणारा काळा, हा साचा शब्दांनी सांगूनही मोडेना. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने कोलंबियातल्या दडपशाहीविषयी यंत्राने काढलेली चित्रे वापरली, टीका झाली आणि ती मागे घ्यावी लागली. खोटे चित्र जोडले की खऱ्या अत्याचारावरही बोट ठेवायला विरोधकाला जागा मिळते. आपल्यासारख्यांना, ज्यांची साक्ष आधीच अर्धी धरली जाते, ही चैन परवडणारी नाही.

दुसरा उपयोग देणगीदार निवडण्याचा. परदेशातल्या मोठ्या संस्था हे काम फार दिवसांपासून यंत्राकडून करून घेतात. माणसाने आधी किती दिले, कुठे राहतो, मालमत्ता काय, यांवरून तो पुढे किती देईल याचे गुण काढले जातात आणि वरच्या गुणांच्या माणसांकडे कार्यकर्ते धाडले जातात. आता ही सोय लहान संस्थांनाही स्वस्तात मिळू लागली आहे. आमच्या वर्गणीच्या यादीवर हे गणित चालवले तर काय होईल ते मी मनाशी करून पाहिले. आमच्याकडे एक म्हातारी आहे. ती दर १४ एप्रिलला पन्नास रुपये देते आणि पावतीवर नाव बरोबर लिहिले की नाही हे नातवाकडून वाचून घेते. यंत्राच्या यादीत ती सगळ्यांत तळाला जाईल. तिच्याकडे जाण्या-येण्याचा खर्चच पन्नासाहून जास्त, असे ते सांगेल, आणि गणिताने ते बरोबरही असेल. पण गेल्या वार्षिक सभेत मुलींच्या संडासाला कडी का नाही, हा प्रश्न तिने विचारला होता. मोठ्या देणगीदारांपैकी एकानेही तो विचारला नव्हता. ती यादीतून गेली की तो प्रश्नही जातो, आणि संस्था वस्तीची न राहता देणाऱ्यांची होते. गेल्या वर्षी दिले आणि यंदा दिले नाही, अशांची यादी काढण्यापुरते यंत्र मी जरूर वापरतो. कुणाकडे जायचे नाही, हे मात्र त्याला विचारत नाही.

याद्यांची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेतल्या ब्लॅकबॉड या कंपनीकडे तेरा हजारांहून अधिक संस्थांच्या देणगीदारांची माहिती होती. २०२० साली ती चोरीला गेली, आणि २०२३ मध्ये कंपनीला ४९ राज्यांशी व कोलंबिया जिल्ह्याशी ४ कोटी ९५ लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. आपल्या याद्यांत केवळ रकमा नसतात. नाव, आडनाव, वस्ती, मुलांचे जातीचे दाखले, आधार क्रमांक असतात. गावात कुणी कोणत्या मोर्च्याला वर्गणी दिली, हे कळण्याचा काय परिणाम होतो ते गावात राहणाऱ्याला माहीत आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायद्याच्या आधी आपली समज आली पाहिजे. मुलांचे दाखले, फोटो, घरच्या हकिगती यंत्राच्या पुढ्यात टाकायच्या नाहीत. अर्जाला जेवढे लागते तेवढेच, नावे काढून द्यायचे.

आता आमच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगतो. कविताला काढून टाकले. ८७ टक्के काढले. हजेरीच्या वहीतून खरे आकडे घेतले. ते लहान होते, तसेच ठेवले. मग आम्ही मराठीतच बसून लिहिले: फरशी कुणी बसवली, तर मुलांच्या गवंडी बापांनी, रविवारी, मजुरी न घेता. एका व्यापाऱ्याने पंखे देऊ केले होते, पण दारावर बाबासाहेबांच्या नावाच्या वर आपल्या वडिलांचे नाव लावा अशी अट घातली, आणि सभेने पंखे नाकारले. हे अर्जात घालावे की नाही यावर दोन तास वाद झाला. एक जण म्हणाला, कंपनी बिचकेल. मास्तर म्हणाले, बिचकू द्या, उद्या तीही पाटी मागेल. शेवटी ते घातले. नंतर यंत्राला एवढेच सांगितले, याचे इंग्रजी कर, पदरचे काही घालू नकोस, आणि जिथे अर्थ कळत नाही तिथे विचार. अशा सांगण्याने काम पुष्कळ सुधारते. अर्थ न कळल्याचे त्याने दोनदा विचारलेही.

काही दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. एखाद्या विद्यार्थिनीची कहाणी फोटोसह हवी होती. आम्ही मुलींना विचारले, कुणाला लिहायचे असेल तर लिहा, नसेल तर राहू द्या. बारावीतल्या एकीने दीड पान लिहिले आणि फोटो देणार नाही असे वर लिहून ठेवले. तिच्या पानात बाप दारुडा नव्हता. मुलींना संध्याकाळी सातनंतर बसू द्यावे म्हणून त्या चौघींनी कार्यकारिणीशी कसे भांडण केले, हे होते. कार्यकारिणी म्हणजे आम्हीच. तिने माझेही नाव घेतले होते. मी विरोध केला होता हे खरे आहे.

ते पान यंत्राने इंग्रजीत केले आणि पुण्याच्या मुलीने ओळीला ओळ लावून तपासले. एके ठिकाणी ती थांबली. मूळ वाक्य होते, "आम्ही मागणी केली." इंग्रजीत झाले होते की, आम्ही नम्रपणे विनंती केली. दोन वाक्यांनंतर "त्यांना मान्य करावे लागले" याचे झाले होते, त्यांनी उदारपणे संधी दिली. तिने दोन्ही वाक्ये दुरुस्त केली आणि लिहिणाऱ्या मुलीला दाखवली. त्या मुलीला इंग्रजी बेताचेच येते, पण 'डिमांड' हा शब्द तिने ओळखला.

पान पाठवले आहे. कंपनीचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. गळणाऱ्या पत्र्यांपैकी सहा पत्रे वर्गणीतून बदलून झाले, आणि उरलेल्यांसाठी पावतीपुस्तक क्रमांक तीन मास्तरांकडे आहे.